सेकंद कुणाच्या हिशेबाने?

30 मीटर रुंदीचा चौक ताशी 40 किलोमीटर वेगाची मोटार पावणेतीन सेकंदांत पार करते. ताशी 12 किलोमीटरने चाललेल्या सायकलला तेवढ्याच अंतराला नऊ सेकंद लागतात. समजा, दोघेही हिरवा दिवा संपता संपता, नियम पाळूनच, चौकात शिरले. पिवळा दिवा तीन सेकंदांचा असेल तर तो विझायच्या आत मोटार पलीकडे पोचलेली असते. सायकल मात्र दहा मीटरच आलेली असते, चौकाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर. आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की उरलेले 20 मीटर तिला बाजूने अंगावर येणाऱ्या गाड्यांमधून कापावे लागतात. यात सायकलस्वाराचं काहीही चुकलेलं नाही.

सिग्नलचे सेकंद आपोआप ठरत नाहीत. कुणीतरी, कुठल्यातरी वाहनाचा वेग गृहीत धरून ते ठरवतं. गृहीत धरलेल्या वाहनाला इंजिन असेल, तर पायांच्या जोरावर जाणारा माणूस त्या हिशेबातून सुटतो. मग त्याला रोजचा प्रत्येक चौक स्वतःच्या हुशारीवर आणि समोरच्याच्या दयेवर ओलांडावा लागतो.

पुण्यातल्या अलका चौकात लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, शास्त्री रस्ता आणि लकडी पूल एकत्र येतात. अशा ऐसपैस चौकात नुसतं सरळ जायचं असलं तरी सायकल बराच वेळ उघड्यावर असते. सिग्नलवरचे उलटे आकडे तिला उपयोगी पडतात. हिरव्याचे शेवटचे चार-पाच सेकंद उरलेले दिसले की जाणता सायकलस्वार ब्रेक दाबतो आणि पुढच्या फेरीची वाट बघतो. पण तेच आकडे आडव्या रस्त्यावरच्यांनाही दिसतात. लाल दिव्यावरचा आकडा 3 वर आला की दुचाक्या पुढे सरकायला लागतात आणि 1 दिसेपर्यंत अर्ध्या चौकात आलेल्या असतात. चौक रिकामा व्हावा म्हणून चारही बाजूंना लाल दिवा ठेवण्याची सोय सिग्नलमध्ये करता येते. पण तो एक-दोन सेकंदांचा अवकाशसुद्धा ही उतावळी सुरुवात गिळून टाकते.

दुसरी अडचण हिरवा दिवा लागतानाची. थांबलेली सायकल निघते कशी, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. एक पाय रस्त्यावर असतो. दुसऱ्या पायाच्या बोटांनी पायडल मागे फिरवून वर आणायचं, म्हणजे दाबायला जोर मिळतो. सिग्नल सुटला की त्या पायडलवर सगळं वजन टाकायचं. पहिल्या दोन फेऱ्यांत हँडल डावी-उजवीकडे डुलतं, कारण वेगाशिवाय सायकलला तोल नसतो. नेमक्या याच क्षणी दोन्ही बाजूंनी स्कूटर खेटून पुढे निघतात. कॅरिअरला दुधाचे कॅन, हँडलला पिशव्या किंवा मागे गॅसचं सिलिंडर असेल तर वेग पकडायला आणखी वेळ लागतो. छोट्या गल्लीतून मोठ्या रस्त्यावर येणाऱ्यांना हिरवा दिवा बहुतेक वेळा थोडकाच मिळतो. तिथे मागच्या रांगेतली लादलेली सायकल थांबारेषेपर्यंत येते तोवर दिवा पिवळा झालेला असतो.

खरं तर पिवळा दिवा आला तोच चौक रिकामा व्हायला वेळ मिळावा म्हणून. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स नावाच्या पोलिस अधिकाऱ्याने 1920 मध्ये चारही दिशांना तीन रंग दाखवणारा सिग्नल उभा केला. लाल आणि हिरवा एवढेच दोन रंग असताना चौकात शिरलेल्याने काय करायचं, याला उत्तर नव्हतं. तो पिवळा किती वेळ असावा याचं गणित 1960 मध्ये नीट मांडलं गेलं. ते मांडणारे डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि ॲलेक्सी मॅरॅडुडिन हे तिघे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातले होते. पिवळा फार आखूड असेल तर रस्त्यावर असा एक पट्टा तयार होतो, की तिथे असलेल्या चालकाला वेळेत थांबताही येत नाही आणि वेळेत पुढेही जाता येत नाही, हे त्यांनी दाखवलं. चालकाचा नियम पाळण्याचा इरादा कितीही पक्का असला, तरी आखूड पिवळा त्याला नियम मोडायला भाग पाडू शकतो. दोष माणसाचा की सेकंदांचा, हा प्रश्न त्यांनी कागदावर आणला.

पण ते गणित मोटारीचं होतं, आणि मोटारीची व सायकलची अडचण एकमेकींच्या उलट आहे. वेगातल्या मोटारीला थांबायला जागा लागते, चौक मात्र ती चुटकीसरशी ओलांडते. सायकल चार-पाच मीटरांत थांबते, पण चौक ओलांडायला तिला तिप्पट-चौपट वेळ लागतो. म्हणजे थांबण्याच्या हिशेबाने पिवळा मोजला तर सायकलला तीन सेकंद भरपूर वाटतील. ओलांडण्याच्या हिशेबाने मोजला, तर तेच तीन सेकंद धोक्याचे ठरतात. एखाद्या खात्याने सगळे नियम पाळूनही सायकलस्वाराला चौकाच्या मध्यावर अडकवणं शक्य होतं, ते या फरकामुळे.

हा फरक नियमात उतरवता येतो आणि कॅलिफोर्नियाने तो उतरवलाही आहे. नव्याने बसणारे किंवा बदलले जाणारे, वाहन ओळखून चालणारे सिग्नल सायकलही ओळखतील असे असावेत, असा कायदा तिथे 2007 मध्ये झाला. त्यानंतर 2009 मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने वेळेचं सूत्र दिलं. थांबलेल्या सायकलला निघून वेग पकडायला सहा सेकंद धरायचे. त्यात चौकाची रुंदी अधिक सायकलची सहा फूट लांबी, भागिले सेकंदाला 14.7 फूट, एवढा वेळ मिळवायचा. 14.7 फूट म्हणजे ताशी सुमारे 16 किलोमीटर. किमान हिरवा, पिवळा आणि चारही बाजूंचा लाल मिळून निदान एवढा वेळ भरलाच पाहिजे. आपल्या 30 मीटरच्या चौकाला हे सूत्र लावलं तर उत्तर सुमारे 13 सेकंद येतं. त्यातले जवळजवळ निम्मे नुसते निघण्यासाठी आहेत. पायडल वर आणण्याला, डुलत्या हँडलला, पहिल्या दोन फेऱ्यांना सरकारी कागदावर जागा मिळाली, हे या सूत्राचं मोठेपण.

सायकल ओळखण्याची अट का घालावी लागली, तेही समजून घ्यायला हवं. अनेक देशांत सिग्नलपाशी रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारेचं वेटोळं पुरलेलं असतं. वर धातूचं मोठं वाहन आलं की वेटोळ्याच्या विद्युत गुणधर्मात फरक पडतो आणि यंत्रणेला कळतं की इथे कुणीतरी वाट बघतंय. सायकलचा धातू त्या मानाने अगदी थोडा. त्यामुळे सायकलस्वार रात्री एकटाच उभा राहिला तर लाल दिवा हलतच नाही. तिथले अनुभवी सायकलस्वार डांबरावरच्या कापाच्या रेषा शोधतात आणि चाक नेमकं त्या रेषेवर आणून उभे राहतात. काही ठिकाणी ही जागा दाखवायला रस्त्यावर सायकलची खूण रंगवलेली असते.

पुण्या-मुंबईतल्या सायकलस्वारांच्या युक्त्या वेगळ्या आहेत. उजवीकडे वळायचं असेल तर बरेच जुने सायकलस्वार चौकाच्या मधोमध जातच नाहीत. ते डाव्या कडेने सरळ समोर जातात, तिथे सायकल वळवून उभे राहतात आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल सुटला की निघतात. काही जण उतरून, सायकल हातात धरून, पायी जाणाऱ्यांबरोबर झेब्रावरून जातात. डेन्मार्कमध्ये सायकलस्वारांनी डावीकडे, म्हणजे तिथल्या अवघड बाजूला, अशाच दोन टप्प्यांत वळायचं असा नियमच आहे. आपल्याकडे ही पद्धत कुणी शिकवली नाही, लोकांनी जीव सांभाळत ती शोधून काढली. तिची किंमत म्हणजे एका वळणासाठी दोन लाल दिवे.

तिसरी युक्ती सिग्नल सुटण्याआधीच निघण्याची, आणि तिच्यावरून सायकलस्वारांना सर्वांत जास्त बोल लावले जातात. सायकलवाले सिग्नल तोडतात, ही तक्रार खोटी नाही. घाईपोटी तोडणारेही त्यांच्यात आहेतच. पण मागून सुटणाऱ्या घोळक्यात सापडू नये म्हणून दोन सेकंद आधी निघणारा आणि मोकळा रस्ता बघून बेदरकारपणे घुसणारा, या दोघांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे. पहिल्याची गरज ओळखून कोपनहेगनने ती सिग्नलमध्येच बसवली. तिथे अनेक चौकांत सायकलींचा हिरवा दिवा मोटारींच्या काही सेकंद आधी लागतो आणि मोटारींची थांबारेषा सायकलींच्या रेषेच्या मागे असते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने 1982 मध्येच सायकलस्वारांना ‘थांबा’ पाटीपाशी वेग कमी करून, रस्ता मोकळा असेल तर न थांबता जाण्याची मुभा दिली. आपल्या गर्दीच्या चौकांत ती मुभा चालणार नाही. काही सेकंदांची आघाडी मात्र इथेही देता येईल.

कोपनहेगनच्या नोरेब्रोगाडे या रस्त्यावर याहून पुढचं पाऊल टाकलेलं आहे. तिथले सिग्नल ताशी 20 किलोमीटरच्या वेगाला जुळवलेले आहेत. सकाळी शहराच्या मध्याकडे आणि संध्याकाळी घराकडे त्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराला ओळीने हिरवे दिवे मिळत जातात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात काही चौकांत सगळ्या दिशांच्या सायकलींना एकाच वेळी हिरवा दिवा मिळतो. मोटारी तेव्हा चारही बाजूंना उभ्या असतात आणि सायकली एकमेकींना वाट देत हव्या त्या दिशेला जातात. यातलं कुठलंच यंत्र आपल्याला न परवडणारं नाही. सिग्नलचा वेग कुणाच्या वेगाला जुळवायचा, हे तिथे ठरवलं गेलं, एवढाच फरक आहे.

आपल्याकडे यावर पहिला आक्षेप कोंडीचा येतो, आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. चार टप्प्यांच्या सिग्नलमध्ये दर टप्प्यामागे दोन सेकंद वाढवले तर एका फेरीत आठ सेकंद जातात. फेरी 120 सेकंदांची असेल तर हा वाटा सहा-सात टक्क्यांचा होतो. गर्दीच्या वेळी तो जाणवेल. पण सेकंद वाढवणं हा एकच मार्ग नाही, मीटरही कमी करता येतात. कोपऱ्यावरचे पदपथ पुढे आणले, मध्ये थांबायला बेट केलं आणि 30 मीटरचा उघडा पट्टा 20 वर आणला, तर ताशी 12 किलोमीटरच्या सायकलचे तीन सेकंद वाचतात. म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेच्या मुलांनाही त्याचा तेवढाच फायदा. पायी चालणाऱ्याचा वेग भारतीय सिग्नलच्या गणितात सेकंदाला 1.2 मीटर धरतात. त्या हिशेबाने 30 मीटरला 25 सेकंद लागतात. सरळ जाणाऱ्या वाहनांबरोबरच पायी चालणाऱ्यांना हा वेळ खरोखर मिळत असेल, तर सायकलचा हिरव्याचा प्रश्न बऱ्याच अंशी तिथेच मिटतो.

पुणे महापालिकेने 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. त्यात 800 किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं सुचवलेलं होतं. पण सायकल ट्रॅक कितीही चांगला झाला तरी चौकाच्या तोंडाशी तो संपतो, आणि खरी कसोटी तिथूनच सुरू होते. गेल्या काही वर्षांत पुण्यात गर्दी पाहून वेळ बदलणारे सिग्नलही बसले. गर्दी मोजणारी यंत्रणा सायकल मोजते का, आणि रस्ता रिकामा दिसला म्हणून हिरवा आखूड करताना चौकाच्या मध्यावरची सायकल तिच्या लक्षात येते का, हे दोन प्रश्न महापालिका आणि वाहतूक पोलिसांना विचारायला हवेत. प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 45 टक्के घरांत सायकल होती, तर स्कूटर किंवा मोटारसायकल असलेली घरं सुमारे 21 टक्के होती. शहरात आज सायकलवर दिसणाऱ्यांत सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारी मुलं असतात. सिग्नलच्या बैठकांना ही माणसं हजर नसतात.

नागरिकाने केलेल्या मोजणीने काय होऊ शकतं, याचा दाखला अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात आहे. 2013 मध्ये बीव्हर्टन शहरात मॅट्स यार्लस्ट्रोम यांच्या पत्नीला सिग्नल तोडल्याचा दंड झाला. यार्लस्ट्रोम यांनी पिवळ्याच्या गणिताचा अभ्यास केला. वळण्यासाठी वेग कमी करणाऱ्या वाहनांना 1960 चं समीकरण पुरेसा वेळ देत नाही, असं त्यांनी दाखवलं. परवान्याशिवाय अभियांत्रिकी केल्याबद्दल राज्याच्या मंडळाने त्यांनाच 500 डॉलरचा दंड केला. पण न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि मूळ समीकरण मांडणाऱ्या मॅरॅडुडिन यांनीही त्यांना पाठिंबा दिला. 2020 मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि हळू होणाऱ्या वाहनांचा विचार त्यात आला.

पुण्यात किंवा ठाण्या-नाशकात अशी मोजणी करायला मोठा खर्च लागत नाही. चौकाची रुंदी मोजायला टेप, वेळ घ्यायला मोबाइल आणि चालवायला एक सायकल पुरे. थांबारेषेपासून पलीकडच्या कडेपर्यंत किती सेकंद लागले आणि आडव्या रस्त्याचा सिग्नल केव्हा सुटला, हे दोन आकडे चौकाच्या नावासह लिहून वाहतूक शाखेला देता येतात. मोजणी गर्दीच्या वेळी एकदा आणि पहाटे एकदा करावी, कारण दोन्ही वेळी सिग्नल वेगळा चालू शकतो. आणि मोजायला नेलेली सायकल रिकामी असू नये. तिच्या कॅरिअरवर भरलेले दुधाचे कॅन असावेत.