समोर बोलणारा माणूस

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगरातल्या, तेव्हाच्या औरंगाबादेतल्या, कितीतरी घरांची चूल त्यावर पेटू लागली. मागोमाग सुट्या भागांच्या शेड उभ्या राहिल्या. गंगापूर-पैठणकडची पोरं आयटीआय करून शिफ्टला लागली. ज्यांच्या काळात हे घडलं त्या राहुल बजाज यांची कारकीर्द आपण स्कूटर, रिक्षा आणि उलाढालीत मोजतो. मला त्यांची एक संध्याकाळ जास्त मोलाची वाटते.

३० नोव्हेंबर २०१९. मुंबईत उद्योजकांचा पुरस्कार सोहळा, मंचावर गृहमंत्री अमित शहा. एक्क्याऐंशी वर्षांचे बजाज उठले आणि म्हणाले, की तुमच्यावर उघड टीका केली तर ती तुम्हाला रुचेल असा भरवसा आम्हाला वाटत नाही. माझे उद्योगपती मित्र हे बोलणार नाहीत, मी बोलतो. कुणी घाबरायचं कारण नाही, असं शहांनी उत्तर दिलं. बजाज यांची सगळीच मतं पटण्यासारखी नव्हती. परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेपासून देशी उद्योगांना संरक्षण मागणाऱ्या उद्योगपतींच्या गटाची, १९९३च्या ‘बॉम्बे क्लब’ची, भूमिका मला आजही पटत नाही. पण गमावण्यासारखं भरपूर असताना ते तोंडावर बोलले, याला मी मान देतो.

तोंडावर बोलण्याची हीच भीती आपल्या शेडमध्येही आहे. पॉवर प्रेसवर पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचं. हात आत राहिला तर मशीन थांबावं म्हणून सेन्सर असतो. पण मशीन सारखं थांबलं की नग कमी निघतात, म्हणून कुठे कुठे तो सेन्सरच बायपास करतात. ऑपरेटरला ते कळतं. तो कंत्राटी, बोलला तर उद्या गेटवरूनच परत. सुपरवायझरला टार्गेटची धास्ती, मालकाला बड्या कंपनीची ऑर्डर जाण्याची. सगळे गप्प, आणि एखाद्या रात्रपाळीत कुणाची तरी दोन बोटं जातात. विशी-बाविशीतला पोरगा जन्मभर तो हात खिशात लपवतो.

वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यातल्या मालकांना आणि मॅनेजरांना कळकळीची विनंती आहे. येत्या सोमवारी स्वतः प्रेस शॉपमध्ये जा, प्रत्येक सेन्सर चालू आहे का ते बघा. आणि तो बंद असल्याचं सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही, हे तुमच्या सहीनिशी नोटीस बोर्डावर लावा.