सेवेचा भत्ता आणि शिवणाची कमाई



कोकणातील अनेक मुस्लिम घरांच्या लेकी-सुना आज ब्रिटनमध्ये नांदत आहेत. तिकडून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न असा असतो: "अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा मी करते. त्यासाठी सरकारी भत्ता मिळतो. घरीच थोडे शिवणकामही करते. ही कमाई हलाल आहे ना?" विचारणारीचा आवाज दबलेला असतो, जणू तिने गुन्हाच केला आहे.

भगिनींनो, आधी नियम नीट समजून घ्या. अपंगत्वाचे ठरावीक भत्ते मिळणाऱ्या व्यक्तीची आठवड्यातून किमान ३५ तास सेवा करणाऱ्याला तेथे 'केअरर्स अलाउन्स' मिळतो. कायदा कमाईला मनाई करीत नाही, मर्यादा घालतो. एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा आठवड्याला १५१ पौंडांवरून १९६ पौंड झाली. कर आणि मान्य खर्च वजा जाता उरते ती रक्कम मोजली जाते. म्हणून दोरा, अस्तर, यंत्राची दुरुस्ती यांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मात्र मर्यादा एका पौंडाने ओलांडली, तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो. हा नियम कठोर आहे, आणि त्याला कठोर म्हणण्यात पाप नाही.

मर्यादेच्या आत राहून, कळवून केलेल्या कमाईत संकोच कशाचा? उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (र.) स्वतःच्या हाताने कातडी कमावीत, शिवीत आणि आलेली मिळकत गरिबांना वाटून टाकीत. आई-वडिलांच्या सेवेचे मोल तर एवढे, की जिहादची परवानगी मागायला आलेल्या माणसाला पैगंबरांनी (स.) हयात असलेल्या आई-वडिलांकडेच परत पाठविले.

प्रश्न कमाईचा नाही, लपविण्याचा आहे. गिऱ्हाइकाकडून पैसे रोखीने घ्यायचे, वहीत लिहायचे नाहीत, आणि अर्जावर मात्र 'बदल झाल्यास कळवीन' अशी सही करायची. ती सही म्हणजे करार आहे, आणि सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना करार पाळण्याची आज्ञा आहे. यावर काही जण म्हणतात, "ते सरकार कुठे मुसलमानांचे आहे?" हा युक्तिवाद मी मशिदीच्या ओट्यावरही ऐकला आहे, आणि ऐकून मान खाली गेली आहे. हिजरतची रात्र आठवा. मक्केतील लोक पैगंबरांच्या (स.) जिवावर उठले होते, तरी त्यांच्याच ठेवी पैगंबरांकडे (स.) सुरक्षित होत्या. त्या ज्याच्या त्याला पोचविण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवण्यात आले. शत्रूची अमानत जपणाऱ्याचे आपण उम्मती. मग आजारी सासूबाईंचा सांभाळ व्हावा म्हणून मदत देणाऱ्याशी खियानत कशी करावी?

एखादीकडून अजाणता मर्यादा ओलांडली गेली असेल, तर चुकीबद्दल अल्लाहकडे क्षमा आहे; पण जास्त आलेली रक्कम कर्ज म्हणून मानेवर राहते. ती सदका देऊन फिटत नाही. ज्याची त्यालाच परत करावी लागते, आणि एकदम जमत नसेल तर हप्त्यांची विनंती करता येते.

घरातील पुरुषांनाही एक सांगणे आहे. भत्ता जिच्या नावे येतो, सेवाही तीच करते. तो पैसा तिचा आहे. तिचे हिशेब लपविण्याचा सल्ला बहुधा तिला स्वतःला सुचलेला नसतो, हेही आपण जाणतो.

आणि हे फक्त परदेशातील घरांपुरते नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढताना आपण काय सांगतो आणि काय गाळतो, तोही हाच प्रश्न आहे.

प्रश्न विचारणाऱ्या भगिनी, एक वही घे. दर आठवड्याची कमाई एका बाजूला आणि खर्च दुसऱ्या बाजूला लिही. मागचे काही कळवायचे राहिले असेल, तर पत्र येण्याची वाट न पाहता स्वतःहून कार्यालयाला कळव. मग सासूबाईंची कूस बदलून झाली की निर्धास्तपणे यंत्रावर बस.