फ्लशच्या पुढे

अमेरिकेतलं सिएटल शहर प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीकाठी वसलं आहे. या खाडीत हौशी माणसं शिडाच्या नौकांवर दिवसचे दिवस राहतात. १० मे २०१८पासून इथे नौकेवरचा मैला, अगदी प्रक्रिया केलेलासुद्धा, पाण्यात सोडायला बंदी आहे. खाडीच्या उथळ किनाऱ्यांवर कालवं वाढतात. ती पाणी गाळून जगतात. पाण्यात मैल्याचे जंतू असले की ते कालवांच्या अंगात साठतात आणि तिथून माणसाच्या ताटात येतात. म्हणून मैला टाकीत साठवायचा, समुद्राकडे उघडणारा व्हॉल्व्ह बंद करून पक्का बांधायचा आणि टाकी धक्क्यावरच्या पंपाने उपसून घ्यायची.

हे काम बहुतेक वेळा नौकेचा मालक स्वतःच करतो. हातमोजे चढवायचे. डेकवर डिझेलचं, पाण्याचं आणि मैल्याचं अशी झाकणं असतात. नाव वाचूनच हवं ते उघडायचं. पंपाची नळी उघडलेल्या तोंडाशी घट्ट दाबून धरायची. टाकी रिकामी झाली तरी काम संपत नाही. आत गोडं पाणी सोडायचं, तळाचा गाळ सुटू द्यायचा आणि ते पुन्हा ओढून घ्यायचं. नळीच्या पारदर्शक तुकड्यातून स्वच्छ पाणी जाताना दिसलं की मगच पंप बंद करायचा.

टाकीला घाण वास सुटतो तो हवा कोंडल्याने. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. हवा नसली की त्यावर जगणारे जंतू सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सुगंधी द्रव्य ओतून तो वास फक्त दबतो. म्हणून जाणकार माणसं टाकीची हवानळी मोकळी ठेवतात. ती तुंबलेली असताना पंप लावला, तर ओढीने टाकी चेपूही शकते.

घरात आपण फ्लश करतो आणि आपल्यापुरता विषय संपतो. पुढचं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं. नौकेवर तो दुसरा कुणी नसतो आणि तिथे सुशिक्षित, सुखवस्तू माणूसही हे काम संकोच न करता करतो. मग कमीपणा कामात नव्हताच. तो आपण काही माणसांवर पिढ्यान्‌पिढ्या लादला. हा कमीपणा झुगारण्यासाठीच गांधीजींचे अनुयायी अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात मैलासफाईचं काम स्वतःसाठी मागून घेतलं होतं. ते नाकारलं गेलं, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण केलं.

आपल्यापैकी फार थोडे कधी शिडाच्या नौकेवर राहतील. पण सेप्टिक टँक पुष्कळ इमारतींना आहे. तो शेवटचा कधी उपसला? यंत्राने उपसला, की त्यात माणूस उतरवला? उपसलेला मैला कुठे नेऊन टाकला? सुरक्षेची साधनं न देता माणसाला टाकीत उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, तरीही तिथे माणसं गुदमरून मरतात. सोसायटीच्या पुढच्या सभेत हे तीन प्रश्न विचारावेत आणि नीट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावेत. मैला आपला आहे, तेव्हा त्याची काळजीही आपलीच.