दोन मापं

आमच्याकडे पापड-शेवयांच्या कामाला येणाऱ्या बायकांना मी शाळेच्या वेळेतच बोलावते, हे मी कितीतरी वर्षं अभिमानानं सांगत आले. घरी पाहुणे आले की सांगायची, बेळगावला महिला मंडळात चार शब्द बोलायची वेळ आली की तिथंही सांगायची. साडेदहाला पोरं शाळेत गेली की बायका येतात आणि साडेतीनला उठतात. पोरं परतायच्या आत आई घरात. ऐकणाऱ्या माना डोलावायच्या. ‘किती चांगलं करता हो तुम्ही,’ असं कुणीतरी म्हणायचंच. मलाही ते खरं वाटायचं. त्यातलं बरंचसं आजही खरं आहे. जे खरं नव्हतं, त्याविषयी लिहायचं आहे.

उचगावात बाईमाणसाला काम नाही असं नाही. भातलावण आहे, रताळी काढणं आहे, बटाट्याचं काम आहे. शिनोळी-चंदगडच्या बाजूला काजूचे कारखाने आहेत, बेळगावात दुकानं आहेत. पण या सगळ्या कामांचा दिवस नऊला सुरू होतो आणि अंधार पडता पडता संपतो. लहान मूल असलेल्या बाईला त्यात स्वतःला बसवायचं तर घरात सासू हवी, तीही हातीपायी धड हवी. म्हणून माझ्या पाच तासांच्या कामाला बायका कधी कमी पडल्या नाहीत. सहा जणी शाळेच्या वेळेतल्या आणि दोघी पूर्ण दिवसाच्या, नऊ ते सहा, मधे जेवणाची सुट्टी. दोघींना पूर्ण हजेरी, सहा जणींना अर्धी. यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांतली एक जण साडेतीनला हात धुऊन उंबऱ्यात थांबली.

“आक्का, एक इचारू काय? राग मानू नका.”

“विचार की.”

“आमाला अर्दी हजेरी कशी?”

“तू अर्धाच दिवस येतेस ना गं.”

“अर्दा दिवस चार तासांचा, आक्का. आमी पाच तास बसतो. आनि मधी जेवायला पन उठत न्हाई.” मग लगेच, “पोरगी येईल, मी जातो,” म्हणून गेलीसुद्धा.

त्या रात्री मी वही काढली. पूर्ण हजेरी ३६० रुपये, काम आठ तास. म्हणजे तासाला ४५. अर्धी हजेरी १८०, काम पाच तास. म्हणजे तासाला ३६. इतकं साधं गणित. चौथीतलं पोर करेल. मी ते कधी केलंच नव्हतं, कारण ‘अर्धा दिवस’ हा शब्द मीच वापरला होता आणि मीच त्याला फसले होते. पुढचा आठवडाभर मी मुकाट्यानं प्रत्येकीचं वजन लिहून ठेवलं. पूर्ण दिवसाच्या दोघींचे पापड रोजी साधारण पाच किलो. शाळेच्या वेळेतल्या सहा जणींचे चार किलोच्या आसपास. घड्याळाकडे डोळा ठेवून लाटणाऱ्या बाईचा हात थांबत नाही. चहा आला तरी एका हातानं पिते. म्हणजे मी पाच भागांपैकी चार भाग काम घेत होते आणि निम्मी मजुरी देत होते, वर महिला मंडळात भाषणही करत होते.

माझ्या वडिलांचं निपाणीला किराणा दुकान होतं. तराजूच्या बाबतीत ते फार कडक. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काटा स्थिर होईपर्यंत हात लावायचे नाहीत. दशांश मापं आली तेव्हा जुने शेर-मापटी आजोबांनी घरात ठेवू दिली नाहीत म्हणे. घरात जुनं माप राहिलं की हाताला मोह होतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतला एक हीनाधिकमानोन्मान: घ्यायचं माप मोठं, द्यायचं माप लहान. लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना मला वाटायचं, आमच्या दुकानात काही हे होत नाही, झालं. अतिचार वाण्याचे असतात, आपण बायका त्यातून मोकळ्या, असा काहीतरी माझा समज होता. आता वही पुढ्यात घेऊन बसल्यावर दिसलं की मी काम घेताना तासांनी मोजत होते आणि पैसे देताना दिवसांनी.

पण ती कबूल होती ना? खुशीनं येत होती, उलट दुसरीला घेऊन येत होती. मग चोरी कुठं झाली? मी बरेच दिवस या प्रश्नाशी अडले. दुकानातल्या गिऱ्हाइकालाही कधी कधी ठाऊक असतं की इथं माप कमी आहे, तरी उधारी मिळते म्हणून तो तिथंच येतो. त्याच्या येण्यानं माप पुरं होत नाही.

निपाणीत हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं मी. आमच्या गल्लीच्या मागं विड्या वळणाऱ्या बायका होत्या. घरबसल्या काम, वेळेचं बंधन नाही, पोर मांडीशी; आज ज्याला लवचिक काम म्हणतात त्याचे सगळे गुण त्यात होते. मजुरी हजार विड्यांवर. ठेकेदार पानं मोजून द्यायचा, ती हजाराला पुरायची नाहीत, मग बाई पदरची पानं विकत घ्यायची. संध्याकाळी विड्या द्यायला गेलं की छाट काढायची: ही नीट नाही, ती नीट नाही. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत आणि विडी मात्र परत नाही. हे वाद इतके जुने आणि इतके सार्वत्रिक, की १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात मालाचा पुरवठा आणि छाट यांवरच्या तंट्यांसाठी वेगळं कलम घालावं लागलं. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांनी निपाणीत १९८० च्या सुमाराला संघटना बांधली, त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपटही झाला. घरात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला मात्र कुठल्या फाटकावर उभं राहून घोषणा द्यायची? आणि त्या सुपाशेजारी आठ-नऊ वर्षांची मुलगी बसायची, आधी दोरा गुंडाळायला, मग वळायला. माझ्या वर्गातली एक चौथीनंतर दिसली नाही ती तशीच. घरातलं काम शाळा गिळतं. म्हणून शाळेच्या वेळेत, घराबाहेर, ठरलेल्या तासांचं काम ही गोष्ट मला अजूनही मोलाची वाटते. फक्त तिची किंमत कोण मोजतं, एवढाच प्रश्न आहे.

कायद्यानं यावर काय म्हटलंय ते मुलाला शोधायला लावलं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात पंधरावं कलम होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तोच आशय आहे. दिवसाच्या दरानं लावलेल्या कामगाराला नेहमीच्या दिवसापेक्षा कमी वेळ काम पडलं, तरी मजुरी पूर्ण दिवसाची. त्याला एक अपवाद असा: मालक काम द्यायला तयार होता, पण कामगाराचीच काम करायची इच्छा नव्हती, असं असेल तर. मला ही ‘इच्छा नव्हती’ वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. साडेतीनला उठणाऱ्या बाईची कामाची इच्छा नसते का? तिला थांबायचं असतं. पैसे हवे असतात, म्हणून तर येते. तिच्या मागं एक दार आहे, ते चार-सव्वाचारला उघडतं आणि त्यात दप्तर घेतलेलं पोर उभं असतं. याला इच्छा म्हणायचं की अनिच्छा?

माझंच घ्या. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझ्या संध्याकाळच्या जेवणाची वेळ ठरलेली आहे. पाहुणे असोत, लग्नाची घाई असो, सासूबाईच म्हणायच्या, “तिचं आधी वाढा, दिवस कलला.” बँकेतले साहेब एकदा संध्याकाळी कर्जाची कागदपत्रं घेऊन आले, तेही अर्धा तास ओट्यावर थांबले. माझ्या सूर्यास्ताला आजवर कुणी ‘सवलत’ म्हटलेलं नाही. तो नेम आहे, त्याचा मान राखतात. आणि त्या बाईच्या साडेतीनला मी इतकी वर्षं सवलत म्हणत होते, तिच्याकडून त्याचे पैसेही घेत होते. तासाला नऊ रुपये.

दुसरी बाजूही आहे आणि ती खोटी नाही. साडेतीनला सहा जणी उठल्या की कुटलेलं पीठ उरतं. ते तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतं, कडा वाळतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुटावं लागतं. पुण्याची ऑर्डर संध्याकाळच्या टेम्पोत घालायची तर पॅकिंग त्या दोघींवर पडतं. त्यांतली एक विधवा आहे, मुलगा मोठा होऊन गोव्याला गेला. हिशेब बदलायचा विचार बोलून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “आमची पोरं ल्हान हुती तवा कुनी साडेतीनला सोडलं न्हाई आक्का. आता पोरं न्हाईत म्हून सहापतूर आमीच.” तिला काय उत्तर द्यायचं? अनेकांतवाद पाठ असलेल्या माणसाला एक सोय असते: हेही खरं, तेही खरं, म्हणून उठून जायचं. मला वाटतं त्यासाठी तो सांगितलेला नसावा. मी तिला उत्तर दिलं नाही, पॅकिंगचे तासाला वेगळे पैसे लावले. तिचं म्हणणं त्यानं मिटलं, असं नाही.

लिज्जत पापडाचं उदाहरण मला नेहमी देतात. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. पुढं सकाळी पीठ न्यायचं, घरी आपल्या वेळेनं लाटायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं, ही रीत पडली. तिथं मोजमाप वजनाचं आणि लाटणारी स्वतः भागीदार. माझ्याकडे मालकीण मी, हा फरक उदाहरण देणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जगभराच्या कामगार परिषदेनंही १९९४ सालीच अर्धवेळ कामगारांसाठी ठराव केला आहे: थोडे तास काम केलं म्हणून तासाचा दर खाली येता कामा नये. भारतानं त्यावर सही केलेली नाही. करायला हरकत नव्हती. माझ्यासारख्या कितीजणींनी वही काढली असती.

सरकारचीही वही काही वेगळी नाही. गावच्या शाळेत बिसी ऊट शिजवणाऱ्या बायका म्हणजे शाळेच्या वेळेतल्या कामाचा सगळ्यात मोठा नमुना. पोर वर्गात, आई चुलीपाशी. केंद्रानं २००९ मध्ये ठरवलेला त्यांचा दर महिन्याला १००० रुपये, तोही वर्षातले दहा महिने. राज्यं वरून आपापली भर घालतात. त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. अंगणवाडीच्या बायकांचंही तेच; त्यांना ग्रॅच्युइटी द्यावी, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

एक गोष्ट जाता जाता. या सगळ्यात ‘पालक’ असा शब्द वापरतात. माझ्या दारात आजवर एकही बाप शाळेच्या वेळेतलं काम मागायला आलेला नाही. त्या उंबऱ्यातल्या बाईचा नवरा शिनोळीला कारखान्यात आहे, पाळीनं जातो. त्याची दुपारची पाळी असली की सकाळभर तो घरीच असतो. शनिवारी सकाळची शाळा असते, पोरं लवकर सुटतात, तेव्हा पोरांकडे बघायला सुट्टी मात्र तीच घेते. मी तिला विचारलं, त्याला का नाही सांगत? ती नुसती हसली. माझ्या यजमानांनी आमच्या मुलांची दप्तरं किती वेळा भरली, हे मला कुणी विचारलं असतं तर मीही हसलेच असते.

जानेवारीपासून मी दर एक केला. तासाला ४५, कुणीही कितीही तास बसो. महिन्याला खर्च साडेसहा हजारांच्या आसपास वाढला. पापडाचा भाव किलोमागं थोडा चढवला, दोन गिऱ्हाइकं गेली. मागच्या वर्षांचं जे कमी दिलं, त्याचं काय, हा प्रश्न आहेच. दिवाळीला साड्या दिल्या होत्या, त्या त्यात धरायच्या नाहीत, एवढं मी स्वतःशी ठरवलंय. बाकीचं वहीच्या मागल्या पानावर नावानिशी लिहून ठेवलंय आणि दर महिन्याला थोडं थोडं फेडते आहे.

आता एप्रिल आलाय. शाळा सुटते ती नेमकी आमच्या हंगामात. ऊन असतं तेव्हाच पापड-शेवया वाळतात आणि तेव्हाच पोरं दीड महिना घरी. शाळेच्या वेळेचं काम शाळाच नसताना कसं चालायचं, याचा विचार एवढ्या वर्षांत मी केला नव्हता. बायकाच कशीबशी सोय लावायच्या, नाहीतर दोन महिने यायच्या नाहीत. यंदा मागचा सोपा रिकामा करून घेतलाय. पोरांना तिथं बसवायचं, थोरल्या जाऊबाई गोष्टी सांगायला तयार आहेत. एक अट मी घातली आहे, पोरांनी पिठाला हात लावायचा नाही. काल एक सात वर्षांची येऊन आईशेजारी बसली आणि आम्ही बघेपर्यंत तिनं पाच लाट्या करून ओळीनं मांडल्या होत्या, सुबक, एकसारख्या. आई कौतुकानं माझ्याकडे बघत होती. मी मुलीला उठवून सोप्यात नेलं.