पुढे चालणारा अनुयायी

परभणी–परळी लोहमार्गावरच्या पोखर्णीत नृसिंहाच्या दर्शनाला दूरदूरून माणसे येतात. त्यांतल्या कितीतरी आईबापांचे मागणे एकच असते: लेकराचा मेडिकलला नंबर लागू दे. त्यासाठी पोरे लातूर-नांदेडला क्लासला राहतात, घरचे पोटाला चिमटा घेतात. यात गैर काही नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या मराठवाड्यात पदवी हीच खात्रीची मिळकत. पण हाती आलेली पदवी कुणासाठी वापरायची, हा प्रश्न घरात सहसा निघत नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तो लग्नातच काढला. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. १९६० साली लग्न झाले तेव्हाच त्यांनी ठरवले की आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांसाठी. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केल्यावर ते अमेरिकेत शिकले. जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथे राहून नाव आणि पैसा कमावणे अवघड नव्हते. १९७० साली ते आले बीडच्या सीमेवरच्या जामखेडला.

मला मोठे वाटते ते त्यांनी पुढे केलेले काम. दवाखान्यात बरा झालेला रोगी पुन्हा त्याच गढूळ पाण्याकडे आणि त्याच उपासमारीकडे परत जातो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांनी आपली विद्याच वाटून टाकायची ठरवली. प्रत्येक गावातली एक बाई निवडायची. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या होत्या. त्या जामखेडला येत, सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवत, मुक्काम करत. मुलाचे वजन नीट वाढते का, हगवण लागल्यावर मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, बाळंतपणात हात आणि नाळ कापायचे पाते कसे स्वच्छ ठेवायचे, हे शिकून गावी परतत आणि शेजारणीला शिकवत. बाहत्तरच्या दुष्काळात बोअर घेताना हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले गेले. पाण्यासाठी सारे गाव तिथे येऊ लागले. कामाच्या आरंभी या भागात हजारी १७६ अर्भके दगावत. वीसेक वर्षांत तो आकडा तिशीच्या खाली आला.

नवी वाट पाडणारा माणूस म्हटले की आपल्यापुढे एकटा, जिद्दी, स्वतःचे नाव कोरणारा वीर उभा राहतो. आरोळ्यांची जात वेगळी. ते सगळ्यांच्या पुढे चालले, पण स्वतःला अनुयायी मानून. त्यांच्या श्रद्धेतला ख्रिस्त शिष्यांचे पाय धुणारा गुरू आहे. आपली बुद्धी, आपला हुद्दा ही आपली कमाई नसून सोपवलेली ठेव आहे, असे ज्याला मनापासून पटते, त्यालाच ती निरक्षर बाईच्या हाती देता येते. कमाई मुठीत राहते, ठेव मात्र धन्याच्या माणसांपर्यंत पोचवावी लागते. डॉक्टरकीचे ज्ञान खुले केले तर आपली किंमत घटेल, ही भीती त्यांना शिवली नाही, कारण त्यांनी आपली किंमत बाजारात मांडलीच नव्हती.

याला नुसता त्याग म्हणणे अपुरे आहे. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळाला, जगभरचे लोक जामखेडला शिकायला आले. यश त्यांच्या मागे आले. ते त्याच्या मागे गेले नाहीत. आणि ही गोष्ट फक्त ख्रिस्ती घरांची नव्हे. पोखर्णीच्याच लोहमार्गावरच्या गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडणातच देव पाहिला. काम हीच उपासना, हे या मातीला नवे नाही.

म्हणून नवस बोलताना एक मागणे वाढवावे. नंबर लागू दे, आणि शिकलेले वाटायची बुद्धीही दे. मेबलबाई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली. काम थांबले नाही, कारण ते एकट्यादुकट्याच्या हाती उरलेच नव्हते. वाट पाडणाऱ्याची पारख याच्यावरच होते: तो गेल्यावर किती जणांना ती चालता येते.