रिकाम्या जाळ्याचा रकाना

परभणी जिल्ह्यात पैसेवारी म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पिकाच्या उत्पन्नाचा हा सरकारी अंदाज पन्नास पैशांच्या आत आला तर दुष्काळाच्या सवलती, वर गेला तर हात रिकामे. त्यामुळे आकडा जाहीर झाला की आधी तो कुणी काढला याची चौकशी होते, पिकाचे बोलणे मागाहून. ज्या आकड्यावर पैसा ठरतो तो पैशाच्या बाजूला कलतो, हे ज्ञान इथे अनुभवाने आलेले आहे. माशांच्या बाबतीत मात्र तेच ज्ञान आपण बाजूला ठेवतो. हात पसरून दाखवलेला मासा दरवेळी वीतभर वाढतो आणि आपण हसून सोडून देतो. गप्पांपुरते ते ठीकच आहे. गप्पा गोळीबंद असाव्यात असा आग्रह कुणी धरू नये. पण पकडीचा आकडा दुसऱ्याच्या निर्णयाचा आधार होतो तेव्हा त्याला गप्पांची सूट मिळत नाही.

अमेरिकेत सान डिएगो बंदरातून गळाची हौस असणाऱ्यांना घेऊन मोठ्या बोटी मेक्सिकोच्या समुद्रात जातात. आठ-दहा दिवसांच्या, कधी पंधरा-सोळा दिवसांच्याही सफरी असतात. किती टुना लागले याचा आकडा हीच पुढच्या सफरीची जाहिरात. हा आकडा शब्दशः खरा असूनही फसवू शकतो. गळ टाकणारे किती होते, त्यांनी किती दिवस टाकले, सगळे मासे एकाच दुपारी लागून बाकीचा आठवडा कोरडा गेला का, हे गाळले की शंभर मासे म्हणजे काय ते कळत नाही. थेट खोटेपणा त्या मानाने सापडायला सोपा. 2022 साली ओहायोत ईरी सरोवरावरच्या स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे निघाले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. कारण तिथे काटा होता आणि मासा चिरता येत होता. न सांगितलेला कोरडा दिवस कसा चिरायचा?

जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणावर हा कल उलट दिशेने असू शकतो. पूर्णा नदीवरचे हे धरण 1968 साली पूर्ण झाले. अशा जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची आणि मासेमारी ठेक्याने द्यायची, ही राज्यातली रूढ पद्धत. बोटीवाल्याला पकड मोठी दिसायला हवी. ठेका घेणाऱ्याला ती बेताची दिसलेली बरी, म्हणजे पुढचा ठेका महागणार नाही. बीज सोडणाऱ्याला मात्र सोडलेले बीज भरपूर दिसावे असे वाटणार. एकाच पाण्याचे तीन आकडे, आणि तिघांपैकी कुणालाही बेइमान म्हणायची गरज नाही.

गरज नाही असे म्हणण्याला शास्त्रीय आधार आहे, आणि तो एका मराठी माणसानेच दिला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांचा अभ्यास केला. कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असला की उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा जास्त निघते, असे त्यांनी दाखवले. कारण साधे होते. आखलेल्या रेषेवर उभे असलेले ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की हात ते आत ओढतो. कापणाऱ्याच्या मनात काळेबेरे नसते, तरी चूक एकाच बाजूला साचत जाते. तेव्हा ‘आमचे लोक प्रामाणिक आहेत’ हे उत्तर अपुरे आहे. रेषेवरच्या ताटाचे काय करायचे हे आधी ठरलेले असावे लागते.

मासळीत हे ठरवायची एक रीत देशात आहे. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था मासेमारांच्या जबानीवर विसंबत नाही. तिचे गणक निवडलेल्या दिवशी निवडलेल्या बंदरांवर उभे राहतात, किती बोटी आल्या आणि काय उतरले ते स्वतः टिपतात आणि त्यावरून एकूण अंदाज बांधतात. उलट वरिष्ठांना वाढ दाखवण्यासाठी लिहिलेल्या आकड्यांचे काय होते ते चीनने दाखवले. 2001 साली वॉटसन आणि पॉली या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडले की चिनी अधिकाऱ्यांनी फुगवलेल्या आकड्यांमुळे जगाची सागरी पकड वाढतेय असे भासत होते; प्रत्यक्षात 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून ती घटत होती. हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेमार्फत जगभर गेले होते. तिच्याच संख्याशास्त्र विभागाचे सुखात्मे अनेक वर्षे संचालक होते, हा इतिहासाचा खोडसाळपणा म्हणायचा.

यावर कुणी म्हणेल, चीन कुठे आणि येलदरीचा भोई कुठे. ज्याच्या हातात काही नाही त्याने चार किलो लपवले तर तेवढेच त्याचे हत्यार. या आक्षेपात तथ्य आहे. वजन करणारा आणि ठेका ठरवणारा एकच असेल तर खरे सांगणे हा भाबडेपणा ठरतो, आणि तो दोष मासेमाराच्या माथी मारता येत नाही. पण हे हत्यार दुधारी आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातली बहुतेक मोठी धरणे तळाला गेली होती. अशा वर्षी नुकसान मागायचे तर आधीच्या चांगल्या वर्षांची पकड दाखवावी लागते, आणि ती आपणच कागदावर कमी लिहिलेली असते. म्हणून मागणी खरे बोलण्याची नको, नोंदवहीची हवी: वजन ठेक्याशी संबंध नसलेल्या तिसऱ्याने करायचे, आणि किलोच्या शेजारी किती जाळी, किती रात्री आणि त्यातल्या किती रात्री जाळे रिकामे आले, हे रकाने ठेवायचे. शेवटचा रकाना भरायला कुणाला आवडणार नाही. पाण्यात मासा कमी होतोय की नाही, हे मात्र पहिल्यांदा तिथेच दिसेल.