खायचा नाही, तर धरायचा कशाला?

टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यांच्या सीमेवर ग्रेट स्मोकी माउंटन्स हे राष्ट्रीय उद्यान पसरलं आहे. तिथले डोंगरमाथ्याजवळचे काही ओढे एका उडीत ओलांडावेत इतके अरुंद. दोन्ही काठांवरून रोडोडेंड्रॉनची झुडपं पाण्यावर ओणवलेली, त्यामुळे दांडी मागे नेऊन दोरी फेकायची सोयच नाही. मग मासेमारीचा शौकीन माणूस ‘माशी’ दोन बोटांत धरतो, दांडी धनुष्यासारखी वाकवतो आणि सोडून देतो. माशी म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा. तो अलगद पडला पाहिजे आणि पाण्याच्याच चालीनं वाहिला पाहिजे. दोरीनं त्याला जरा ओढलं, तरी मासा तोंड फिरवतो. ट्राउट हा इथला मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून माणसानं जायचं ते खालून वर, त्याच्या पाठीमागून, वाकून. कधी चक्क रांगत.

एवढा खटाटोप करून हाती येतो तो बहुधा वीतभरही न भरणारा ब्रूक ट्राउट. पाठीवर वाळवीनं कोरल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या कड्यांतले लाल ठिपके, खालच्या परांना पांढरी किनार. हात ओला करून त्याला धरायचं, गळ सोडवायचा आणि परत पाण्यात सोडायचं.

मालवणच्या माणसाला हे सांगितलं तर तो एवढंच विचारेल, खायचा नाही, तर धरायचा कशाला? प्रश्न अडाणीपणाचा नाही. नीतिशास्त्राचीही गाडी इथेच येऊन अडते.

आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँगलर’ हे मासेमारीवरचं पुस्तक 1653 साली लंडनमध्ये निघालं. चारच वर्षं आधी इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झालेला, वॉल्टनचा अँग्लिकन पंथ सत्तेबाहेर फेकला गेलेला. अशा काळात हा भाविक गृहस्थ मासे धरणं ही चिंतनाची वाट आहे, असं सांगत होता. येशूच्या शिष्यांमध्ये कोळी होते, हा दाखला त्याच्या हाताशी होताच. त्याच पुस्तकात आमिष म्हणून जिवंत बेडूक गळाला कसा लावावा, याचीही कृती आहे आणि ते करताना बेडकावर जणू माया असल्यासारखं वागावं, अशी सूचनाही. वॉल्टन हे थट्टेनं लिहीत नव्हता, म्हणूनच ते वाक्य टोचतं. पुढे कवी बायरननं ‘डॉन जुआन’मध्ये वॉल्टनला क्रूर ठरवून त्याच्याच घशात गळ अडकावा, असं म्हणून घेतलं.

माशाला खरंच दुखतं का? लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये रेनबो ट्राउटच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसेटिक आम्ल टोचलं. माशांचा श्वास वाढला, खाणं लांबलं आणि आम्ल टोचलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. माशाच्या मेंदूला आपल्यासारखं बाह्यक (कॉर्टेक्स) नाही, तेव्हा ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असं जेम्स रोझ यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात. वाद मिटलेला नाही. पण संशयाचा फायदा कोणाला द्यायचा, माणसाच्या छंदाला की माशाच्या ओठाला?

स्वित्झर्लंडनं उत्तर देऊन टाकलं. तिथल्या 2008 च्या प्राणीसंरक्षण नियमावलीनुसार सोडून देण्याच्याच इराद्यानं मासे धरायला मनाई आहे. अमेरिकेतला शौकीन ज्याला दया समजतो, ती तिथे विनाकारण छळ ठरते.

छळ हा शब्द जड वाटला, तर अमेरिकेतल्याच यलोस्टोन नदीचं उदाहरण घ्यावं. नदीच्या ज्या पट्ट्यात सगळे मासे सोडून द्यावे लागत, तिथला प्रत्येक कटथ्रोट ट्राउट 1981 च्या हंगामात सरासरी नऊ-दहा वेळा गळाला लागला, असं संशोधकांना आढळलं. बहुतेक मासे जगलेही. तरी दहा जणांची दया एकाच ओठानं सोसायची, म्हणजे जरा फारच झालं.

निर्जन ओढ्याची बाजू इथे थोडी वर येते. तिथे गर्दी नाही, म्हणून एकाच माशाला दहादा त्रास नाही. ब्रूक ट्राउट हा स्मोकीजमधला एकमेव मूळचा ट्राउट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जंगलतोडीनं आणि बाहेरून आणून सोडलेल्या रेनबोनं त्याला वरच्या ओढ्यांत रेटलं. त्याला धरण्यावर उद्यानानं अनेक वर्षं बंदी ठेवली, आणि 2006 मध्ये बहुतेक ओढे खुले केले. आता सात इंच किंवा त्याहून मोठे मासे ठरावीक संख्येत घरी नेता येतात. दिवसभरात पन्नास मासे धरून सोडणाऱ्यापेक्षा दोन धरून, तव्यावर टाकून, दांडी गुंडाळणारा माणूस त्या मालवणी प्रश्नाला निदान सरळ उत्तर देतो.

काही शौकिनांनी तिसरीच तोड काढली आहे. ते गळाचं टोक कापून टाकतात. मासा उसळून वर येतो, माशी तोंडात घेतो, फसवणूक कळताच थुंकून टाकतो. रांगणं, पाण्याची चाल ओळखणं, माशाला चकवणं, सगळं जमलेलं असतं. फक्त दाखवायला काही उरत नाही. या पंथाला अनुयायी कमी का, हे फोटो काढणाऱ्यांना विचारावं.